येणे बाकी

गुरुवारी भोसरीला सुट्टी, आणि लाईटलाही.
नऊ ते पाच, कधी सहा.
तेव्हा मी कन्सोल उघडतो
गॅलरीत, दोननंतर ऊन येतं तिथे,
पांढऱ्या चादरीवर, पडलेला स्क्रू दिसावा म्हणून.

आठ स्क्रू. दोन लांब, सहा आखूड.
लांब कुठले ते आता बोटांनाच माहीत.
एक मूळचा नाही, मिक्सरचा आहे. चालतो.

पंख्यातली धूळ तीन महिन्यांचीच,
पण समोर बिल्डिंगचं काम चाललंय,
विश्रांतवाडीची अर्धी वाळू इथे येऊन बसते.
चार नंबरचा ब्रश, मुलीच्या रंगपेटीतला.
‘पप्पा, तो माझा होता.’
होता. बरोबर आहे.

चिपवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली.
खरवडायची नाही, भिजवून पुसायची.
नवी तांदळाच्या दाण्याएवढीच.
जास्त लावली की जास्त गार राहील असं वाटतं.
राहत नाही. मी एकदा लावून बसलोय.

लेन्सला कापूस, थेंबभर स्पिरिट,
आणि श्वास रोखून धरायचा.
हणमंत म्हणायचा, बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढतोयस का रे?

तापकीर गल्लीत बोथरा कपॅसिटर देतो,
चार रुपयांना एक, सल्ला फुकट:
‘फेका हो काका. नातवाला नवा घ्या.’
मी बेचाळीसचा आहे.
दोन द्या, म्हणालो.

माझा असता तर फेकलाही असता.

औंधच्या आयटीआयतले आम्ही तिघं,
तिघांचा पहिला बोनस एका पाकिटात,
आणि ठराव: चार-चार महिने एकेकाकडे.
हणमंतनं लग्न ठरल्यावर हिस्सा सोडला, चाकणला गेला.
फिरोजनं सोडला नाही.
हिशेबानं नऊ वर्षांमागच्या दिवाळीपासून
हा त्याच्या घरी असायला हवा.

टेंपोच्या कर्जाला जामीन राहशील का, विचारलं होतं त्यानं.
मी म्हणालो, बघतो.
‘बघतो’चा अर्थ इकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
त्यानं परत विचारलं नाही.
टेंपो घेतलाच, कुणा दुसऱ्याच्या सहीवर.
एकदा खडकी बाजारात दिसला, मागे कुणाचा तरी सोफा बांधलेला.
हॉर्न वाजवला.
मला, की गर्दीला, कळलं नाही.

आता वस्तू दुसऱ्याची,
द्यायलाही उशीर झालेला,
वर बिघडलेली कशी द्यायची?

म्हणून त्याचा रिमोटही उघडतो.
आतलं रबर पुसतो, वायरीचा पीळ सोडवतो.
माझ्या रिमोटची बटणं झिजून गुळगुळीत झालीत,
त्याची अजून टकटक वाजतात.

सव्वापाचला आधी फ्रिज हुंकारतो,
मग खालच्यांची बोअर.
डिस्क पहिल्यांदा वाचत नाही. दुसऱ्यांदाही नाही.
आडवा होता, उभा केला, की वाचतो.
पंख्याचा आवाज कमी झालाय,
म्हणजे मला तरी तसं वाटतं.

दोन्ही रिमोट तपासावे लागतात,
म्हणून मॅच दोघांची लावतो.
उजव्या मांडीवर मी, डाव्यावर फिरोज.
हल्ली तोच जिंकतो.
माझा गोलकीपर नुसता उभा असतो.

कंपनीत असते तशी वही ठेवलीय मशीनची.
तारीख, काम, खर्च.
कपॅसिटर आठ, स्पिरिट साठ,
पेस्ट एकशेवीस, पार्किंग दहा.
भागिले दोन.
फिरोजकडून येणे: नव्व्याण्णव.

पार्किंग खरं तर माझं मीच भरायला हवं.
खोडलं. चौऱ्याण्णव.

मागच्या पानावरून ओढत आणलेली बेरीज
त्यात मिळवतो.
पेन्सिलीनं.